कंसात नाव टाकलं म्हणजे झालं?

लोकांचे थिसिस आणि पेपर जमा व्हायच्या आधी नजरेखालून घालायचं काम माझ्याकडे येतं, म्हणजे शुद्धलेखन बघायचं, तळटिपा एकसारख्या करायच्या, मजकुरातलं नाव आणि संदर्भसूचीतलं नाव जुळतंय ना ते ताडून बघायचं, असली किचकट कामं जी बाकी कुणालाच नको असतात. आणि या कामात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "टक्का खाली कसा आणायचा?" चोरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या रिपोर्टमध्ये २२ टक्के आलेत, गाईड म्हणतात १० च्या आत आणा, तर मधले १२ कुठे घालवू? जणू अंगात ताप आहे आणि गोळी घेतली की उतरणार आहे.

आता टर्निटिन काय किंवा तसलं दुसरं कुठलं सॉफ्टवेअर काय, ते चोरी मोजतच नाही हो, ते साम्य मोजतं. तुमच्या मजकुरातले शब्दांचे तुकडे त्याच्या साठ्यातल्या मजकुराशी जुळतात का एवढंच त्याला कळतं. त्यामुळे अवतरणचिन्हात व्यवस्थित दिलेला उतारा, संदर्भसूची, "प्रस्तुत संशोधनाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत" असली सगळ्यांच्याच थिसिसमध्ये असणारी वाक्यं, हे सगळं रंगीत होऊन येतं आणि माणूस हबकतो (सेटिंगमधून अवतरणं आणि सूची वगळता येते, ते आधी करा, निम्मा जीव तिथेच भांड्यात पडेल). उलट ४ टक्के आलेल्या थिसिसमध्ये अख्खं प्रकरण दुसऱ्या भाषेतल्या पुस्तकातून भाषांतर करून उचललेलं असू शकतं आणि रिपोर्ट मात्र कोरा करकरीत. म्हणून टक्क्यावर माझा तरी विश्वास नाही. रिपोर्टमधला रंगीत भाग उघडून एकेक ओळ वाचायची आणि ही ओळ कुणाची आहे ते ठरवायचं, एवढाच त्याचा उपयोग.

खरं तर सगळा मामला इथेच येतो. वाचणाऱ्याला प्रत्येक वाक्यापाशी कळलं पाहिजे की आत्ता कोण बोलतंय, तुम्ही की दुसरं कुणी. संदर्भ त्यासाठी असतो. परीक्षकाला खूश करायला नाही, सूची लांबलचक दिसायला नाही आणि "मी खूप वाचलंय" हे दाखवायला तर अजिबात नाही (हा प्रकारही भरपूर चालतो, तो वेगळा विषय).

यात सगळ्यात जास्त गफलत कुठे होते माहितीये? परिच्छेदाच्या शेवटच्या कंसात. सात-आठ वाक्यांचा परिच्छेद असतो आणि अगदी शेवटी पूर्णविरामाच्या आधी एक कंस, नाव आणि साल. आता या कंसाचं राज्य कुठपर्यंत? शेवटच्या वाक्यापुरतं, शेवटच्या दोन वाक्यांपुरतं, की सगळ्या परिच्छेदावर? लिहिणाऱ्याच्या मनात असतं की सगळंच त्या लेखकाचं आहे, नाव दिलंय ना. वाचणारा समजतो शेवटचं वाक्य त्यांचं, वरची सहा तुमची. झालं, सहा वाक्यं चोरीची ठरली, आणि तीही अशा माणसाची ज्याने प्रामाणिकपणे नाव टाकलं होतं. उपाय काही अवघड नाही. परिच्छेद सुरू करतानाच नाव घ्यायचं, "अमक्यांच्या मते", मग मध्येच "ते पुढे असंही नोंदवतात की", आणि तुमचं स्वतःचं मत सुरू झालं की तसं स्पष्ट म्हणायचं, "इथे मला असं वाटतं की" किंवा "प्रस्तुत अभ्यासात मात्र". लोकांना वाटतं अशाने भाषा जड होते, पण "असे दिसून येते की" याच्यापेक्षा तरी बरीच हलकी होते.

दुसरी गफलत स्वतःच्या शब्दांत लिहिण्याची. "स्वतःच्या शब्दांत लिहा" हे सगळे गाईड सांगतात आणि त्याचा अर्थ विद्यार्थी काय काढतात तर समानार्थी शब्द शोधा. एक उदाहरण घेऊ, वाक्य मीच बनवलंय, समजा ते क्ष नावाच्या लेखकाच्या २०१५ च्या पुस्तकात ४२ व्या पानावर आहे:

"वाचनाची सवय लहानपणी लागली नाही तर पुढे ती लागणं अवघड जातं असं सर्रास मानलं जातं, पण प्रौढांच्या साक्षरता वर्गांमधला आमचा अनुभव याच्या नेमका उलट आहे."

आता थिसिसमध्ये ते असं येतं: "वाचनाची आवड बालपणी निर्माण झाली नाही तर नंतर ती निर्माण होणे कठीण असते असे सर्वत्र समजले जाते, परंतु प्रौढ साक्षरता वर्गांतील अनुभव याच्या अगदी विरुद्ध आहे." शब्द बदलले, हाडं तीच. आधी समज, मग "पण", मग वर्ग, मग उलट, सगळा क्रम मूळ लेखकाचा. याच्यामागे कंसात नाव टाकलं तरी हे तुमचं लेखन होत नाही, कारण नुसतं नाव टाकून तुम्ही वाचकाला सांगता की कल्पना क्ष यांची आहे पण वाक्य माझं, आणि वाक्य तर तुमचं नाहीच. (शिवाय "आमचा" गाळला गेलाय बघा, म्हणजे हा अनुभव नेमका कुणाला आला तेही गेलं.) इंग्रजीत याला पॅचरायटिंग म्हणतात आणि बहुतेक वेळा यात लबाडी नसते, मूळ मुद्दाच नीट पचलेला नसतो म्हणून माणूस वाक्याला चिकटून राहतो.

मग पुस्तक मिटून, मुद्दा डोक्यात ठेवून लिहिलं तर? "क्ष (२०१५) प्रौढ साक्षरता वर्गांच्या अनुभवावरून म्हणतात की वाचनाची सवय कुठल्याही वयात सहज लागू शकते." वा, छान, सुटसुटीत. पण मूळ वाक्य परत वाचा. "कुठल्याही वयात सहज" असं ते म्हणालेच नव्हते! समज चुकीचा निघाला एवढंच म्हणाले होते. म्हणजे चोरी टाळता टाळता आपण लेखकाच्या तोंडी भलतंच वाक्य घातलं. हे कुठलंही सॉफ्टवेअर पकडत नाही आणि माझ्या मते चोरीइतकंच वाईट आहे, कारण पुढचा माणूस तुमचा थिसिस वाचून क्ष यांच्या नावावर तेच खपवणार. म्हणून पुस्तक मिटून लिहायचं, मग पुस्तक उघडून ताडून बघायचं, हे दुसरं पाऊल कुणी सांगत नाही. आणि एखादा शब्दप्रयोग इतका नेमका असेल की सोडवत नाही तर सरळ अवतरणात घ्या, म्हणजे साक्षरता वर्गांमधला त्यांचा अनुभव "याच्या नेमका उलट" होता (क्ष, २०१५, पृ. ४२). यात लाज कसली. फक्त अवतरण आलं की पान नंबर आलाच, एपीए या संदर्भ देण्याच्या पद्धतीत स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या मजकुराला पान नंबर सक्तीचा नाही, अवतरणाला आहे.

शब्द बदलण्याच्या खेळाचं टोक बघायचं असेल तर लंडनच्या मिडलसेक्स युनिव्हर्सिटीतले ख्रिस सॅडलर यांचा किस्सा बघा. एका विद्यार्थ्याच्या लेखनात त्यांना "सिनिस्टर बटक्स" असं काहीतरी दिसलं, म्हणजे शब्दशः बघितलं तर भयावह नितंब! डोकं खाजवल्यावर उलगडा झाला की मूळ मजकुरात "लेफ्ट बिहाइंड" (मागे राहिलेले) होतं आणि पठ्ठ्याने थिसॉरसमधून, म्हणजे समानार्थी शब्दांच्या कोशातून, एकेक शब्द बदलत नेला होता. हसायला येतं, पण २०२१ मध्ये गियोम कबानाक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मगाझिनोव या तिघा संशोधकांनी छापून आलेल्या रिसर्च पेपरांमध्येच असले शब्द शोधून काढले. आर्टिफिशियल इंटेलिजन्सच्या जागी "काउंटरफिट कॉन्शसनेस" (बनावट जाणीव), ब्रेस्ट कॅन्सरच्या जागी "बुझम पेरिल" (छातीचं संकट). ऑनलाइन पॅराफ्रेझ टूलमधून मजकूर काढला की असं होतं, आणि हे पेपर कुणीतरी तपासून, मान्य करून छापले होते! तेव्हा "टक्का कमी करून देणारं टूल सुचवा" असा मेसेज मला करू नका, प्लीज.

बरं, हे सगळं लिहिताना घडतं असं वाटतं ना, पण माझ्या बघण्यात बहुतेक घोळ लिहिण्याच्या कितीतरी आधी झालेला असतो, टिपणं काढताना. माणूस लायब्ररीत बसून वहीत किंवा लॅपटॉपवर नोट्स काढतो, काही ओळी जशाच्या तशा उतरवतो, काही आपल्या भाषेत, मध्येच स्वतःला सुचलेलं काहीतरी, सगळं एकाच फाईलमध्ये एकाच फाँटमध्ये. सहा महिन्यांनी फाईल उघडली की एखादी ओळ इतकी छान वाटते, आणि आपलीच फाईल, आपलंच टायपिंग, म्हणजे आपणच लिहिलं असणार! तिथून ती ओळ बिनधास्त प्रकरणात जाते. यात खोटेपणा कुठेच नव्हता, आणि परीक्षकासमोर ते सिद्धही करता येत नाही.

जर्मनीचे तेव्हाचे संरक्षणमंत्री कार्ल-थिओडोर त्सु गुटेनबर्ग यांनी हाच खुलासा दिला होता, वर्षानुवर्षं वेगवेगळ्या डिस्कांवर साठवलेल्या टिपणांचा मेळ राहिला नाही असा. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांच्या पीएचडीत उचललेला मजकूर असल्याचं उघड झालं, मग लोकांनी गुटेनप्लाग नावाचं विकी काढून पानापानाची तपासणी केली, आणि त्या विकीच्या हिशेबाने ९० टक्क्यांहून जास्त पानांवर काही ना काही सापडलं. प्रस्तावनेची सुरुवातच एका वर्तमानपत्रातल्या लेखातून जवळजवळ जशीच्या तशी आलेली होती. बायरॉयट विद्यापीठाने पदवी काढून घेतली आणि १ मार्चला मंत्रिपदही गेलं. पुढे एप्रिल २०१२ मध्ये हंगेरीचे राष्ट्राध्यक्ष पाल श्मिट यांना याच कारणाने जावं लागलं, २०१३ मध्ये जर्मनीच्या शिक्षणमंत्री आनेटे शावान यांना, आणि २०२४ च्या जानेवारीत नॉर्वेच्या उच्चशिक्षण मंत्री सांद्रा बोर्श यांना. उच्चशिक्षण आणि शिक्षण खात्याचेच मंत्री, काय बोलावं. शावान यांचा थिसिस १९८० चा होता, म्हणजे तीस वर्षांनी बाहेर काढला गेला, तेव्हा "कोण वाचतंय" हा हिशेब धरू नका.

एवढ्या नोट्सचा मेळ राहत नाही हे मला खोटं वाटत नाही, पण म्हणूनच ती काळजी पहिल्या दिवसापासून घ्यायची. मी सगळ्यांना एकच पद्धत सांगते, फारशी हुशारीची नाही: जशीच्या तशी उतरवलेली ओळ असेल तर टाईप करायच्या आधी अवतरणचिन्ह टाका, नंतर नाही, आधी, आणि ओळ संपताक्षणी पान नंबर. स्वतःच्या शब्दांतलं टिपण असेल तर पान नंबर तसाच पण अवतरणचिन्ह नाही. आणि स्वतःला सुचलेलं असेल तर पुढे "मी:" असं लिहा किंवा वेगळा रंग द्या. एवढं केलं तरी निम्म्याहून जास्त भानगडी उद्भवतच नाहीत. मोबाईलवर पानाचे फोटो काढत असाल तर मुखपृष्ठाचा आणि प्रकाशनाची माहिती असते त्या आतल्या पानाचाही फोटो काढा, नाहीतर नंतर आवृत्ती कुठली होती ते शोधण्यात दिवस जातात, आणि आवृत्ती बदलली की पान नंबर बदलतात हे तर तुम्हाला माहीतच आहे.

आता ज्याचा संदर्भ दिला ते वाचलंय का, हा नाजूक प्रश्न. सिमकिन आणि रॉयचौधरी या दोघा संशोधकांनी २००३ मध्ये फार मजेशीर पद्धतीने याचा अंदाज काढला होता. एखाद्या गाजलेल्या पेपरचा संदर्भ देताना कुणी पान नंबर किंवा खंड चुकीचा छापला तर तीच चूक पुढे कितीजणांच्या यादीत जशीच्या तशी येते ते त्यांनी मोजलं. मूळ पेपर उघडला असता तर तीच चूक परत कशी झाली असती? त्यावरून त्यांचा अंदाज निघाला की संदर्भ देणाऱ्यांपैकी साधारण २० टक्केच लोक मूळ पेपर वाचतात. अंदाजच आहे तो, पण मला काही फार धक्का बसला नाही. याहून भारी म्हणजे एल्सेविअर या जर्नलं छापणाऱ्या कंपनीने लेखकांना दिलेल्या नमुन्यात, संदर्भ कसा लिहायचा ते दाखवायला एक काल्पनिक पेपर दिला होता, व्हान डर गीर आणि मंडळींचा, सन २०००, वैज्ञानिक लेख लिहिण्याच्या कलेवर. असा पेपर अस्तित्वातच नव्हता, पण तो सुमारे ४०० वेळा खऱ्या लेखांच्या संदर्भांत आला, आणि २०१७ मध्ये त्यावर बरंच लिहून आलं. बहुतेकांची नमुन्यातली ओळ पुसायची राहून गेली असणार, पण म्हणजे सूची परत एकदा वाचलीच नाही ना कुणी.

तुम्ही मूळ पुस्तक बघितलेलं नाही, दुसऱ्याच्या पुस्तकात त्याचा उल्लेख वाचलाय, तर तसंच लिहायचं, "अमुक, तमुक यांच्या ग्रंथात उद्धृत". आणि सूचीत फक्त तुम्ही हातात घेतलेलं पुस्तक. हे लिहायला लोकांना कमीपणा वाटतो, का ते मला कळत नाही. मूळ पुस्तक दुर्मिळ असतं, परक्या भाषेत असतं, सगळं कुठून मिळणार. पण उद्धृत न म्हणता थेट मूळ संदर्भ ठोकला आणि मधल्या लेखकाने चूक केलेली असली तर ती चूक आता तुमच्या नावावर.

भाषांतराचंही असंच. इंग्रजीतला उतारा तुम्ही मराठीत आणलात तर शब्द तुमचे झाले असं वाटतं, पण विचार, क्रम, उदाहरणं सगळी त्यांची. शब्दशः आणलं असेल तर अवतरणात द्या आणि "अनुवाद माझा" म्हणा. मराठीत लिहिणाऱ्यांनी हे जास्तच सांभाळायला हवं, कारण आपलं निम्मं वाचन इंग्रजीतलं असतं आणि लिहिणं मराठीत, आणि मधल्या त्या पुलावर कुणी तिकीट तपासत नाही.

एआयबद्दल विचारणार हे माहीत आहे म्हणून थोडक्यात सांगते. चॅटबॉटला "या विषयावर संदर्भ दे" म्हटलं की तो देतो, लेखक खरे वाटतात, जर्नल खरं असतं, साल बरोबर वाटतं आणि तो पेपर कुठे असतच नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खटले दाखले म्हणून दिले आणि ५,००० डॉलरचा दंड झाला. प्रत्येक संदर्भाचा डीओआय (पेपरचा ऑनलाइन ओळख क्रमांक) तपासा, १० ने सुरू होणारा तो नंबर डीओआयच्या साईटवर टाकला की एकतर तोच पेपर उघडतो, नाहीतर भलताच, नाहीतर काहीच नाही. पुस्तक असेल तर लायब्ररीच्या कॅटलॉगमध्ये बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

एपीए की एमएलए की शिकागो यावर मी वाद घालत नाही, गाईड किंवा जर्नल म्हणेल ते. फक्त एक धरलं की शेवटपर्यंत तेच. आणि आवृत्ती बघा, एपीएच्या २०१९ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीपासून तीन किंवा जास्त लेखक असतील तर पहिल्याच उल्लेखात पहिलं नाव आणि "व इतर" चालतं, जुन्या गाईडलाईन बघून लिहिणारे अजून सगळी नावं लिहीत बसतात. तळटिपांत "तत्रैव" वापरत असाल तर मात्र जपून. तत्रैव म्हणजे वरच्याच टिपेतलं पुस्तक, आणि तुम्ही शेवटच्या रात्री मध्ये एक नवी टीप घुसवली की खालचं तत्रैव गुपचूप दुसऱ्याच पुस्तकाचं होऊन बसतं. असं मी इतक्यांदा बघितलंय की आता मी सांगते, ड्राफ्टमध्ये दर वेळी लेखक आणि छोटं शीर्षक लिहा, तत्रैव करायचंच असेल तर सगळं झाल्यावर. शिकागोवाल्यांनीही २०१७ च्या आवृत्तीपासून तसल्या टिपांपेक्षा छोटं शीर्षकच बरं म्हटलंय. संदर्भ सांभाळणारं झोटेरो नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते वापरा, पण त्याने वेबवरून ओढून घेतलेली माहिती डोळे झाकून मान्य करू नका, मराठी नावांत तर ते आडनाव आणि नावाची हमखास उलटापालट करतं.

आणखी एक राहिलं, स्वतःचाच जुना पेपर. "माझंच आहे, चोरी कशी?" असं सगळे म्हणतात. पण वाचणारा नवीन काम म्हणून वाचतोय ना. आधी छापून आलेला भाग असेल तर तसं लिहा आणि संदर्भ द्या, बस. आणि आकृती, तक्ता, फोटो घेतला तर खाली स्रोत तर हवाच, पण छापायला परवानगीही लागू शकते, नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही.

आणि ज्यांचं लिहून झालंय, जमा करायला चार दिवस उरलेत आणि नोट्समध्ये सगळा गोपाळकाला झालाय त्यांनी काय करायचं? प्रिंट काढा. पेन्सिल घेऊन प्रत्येक वाक्यापुढे समासात "मी" किंवा लेखकाचं आद्याक्षर लिहीत जा. जिथे हात अडखळतो तिथे प्रश्नचिन्ह. मग फक्त प्रश्नचिन्हांच्या मागे लागा, ओळीतले पाच-सहा शब्द अवतरणात टाकून गूगल आणि गूगल बुक्सवर शोधा, बऱ्याच ओळींचा मालक तिथे सापडतो. सापडला नाही आणि आठवतही नसेल तर वाक्य काढून टाका. बहुतेक वेळा परिच्छेदाला काहीही होत नाही.